खळ, हळद आणि मासळीचे पाकीट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आणि घाईघाईने त्यावर साबण चोळला, की पिवळा डाग लालभडक होतो. त्याच डागावर लिंबू पिळले, की तो पुन्हा पिवळा. ही गंमत आपल्याकडच्या प्रत्येक घरात माहीत आहे. आमच्या सोलापुरात तेलुगू आणि कानडी घरे पुष्कळ. त्या घरांत नवी नवरी उंबऱ्याशी आली, की हळद आणि चुना कालवून केलेले लाल पाणी तिच्यावरून ओवाळून टाकतात. तेही याच गमतीतून आलेले.

गेल्या दीड-दोन दशकांत जगभरच्या प्रयोगशाळांनी ही गंमत फार गंभीरपणे घेतली आहे. मासळी किंवा मटण ज्या पाकिटात ठेवायचे, त्या पाकिटाला स्टार्च, सेल्युलोज अशा वनस्पतिजन्य पदार्थांचा पातळ पापुद्रा लावायचा आणि त्या पापुद्र्यात हळदीचा किंवा जांभळासारख्या फळाचा रंग मिसळायचा. आतला माल नासू लागला, की पापुद्र्याचा रंग बदलतो. पाकीट न उघडता, वास न घेता गिऱ्हाइकाला कळते. याला ‘स्मार्ट पॅकेजिंग’ असे भारदस्त नाव आहे. मी आपला ‘बोलके वेष्टन’ म्हणतो.

आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले आणि आता जुळे सोलापुरात निवांत राहतो. निवृत्त माणसाला वाचायला वेळ असतो. या विषयावरचे निबंध वाचताना पुन्हा पुन्हा जाणवत राहिले, की यातली निम्मी अधिक सामग्री माझ्या ओळखीची आहे. तिच्याशी माझी ओळख झाली ती बाजारात आणि मागावर, पुस्तकात नव्हे. म्हणून आज या वेष्टनाचा इतिहास सांगायचा, तो सोलापूर जिल्ह्याच्या वाटेने.

सोलापूरपासून समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे जातो. अशा गावात मांस-मासळी टिकवायची म्हणजे मुळात तिच्यातले पाणी काढून टाकायचे, हाच जुना मार्ग. पाणी नाही तर जंतू नाहीत. आमची कडक भाकरी याच हिशेबाने महिनाभर टिकते. कोकणातून येणारे सुके बोंबील आणि सुकट याच हिशेबाने घाट चढून इथवर आले. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळत घालत. त्यांना चान्या म्हणत. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित समाजांच्या या खाद्यपरंपरेची नोंद केली आहे. ज्यांच्या वाट्याला मांस कधीतरीच, पण एकदम खूप येई, त्यांना ते पुढच्या उपाशी दिवसांसाठी राखून ठेवावेच लागे. टिकवण्याची कला ही पोटाच्या निकडीतून आलेली आहे, हे आपण विसरू नये.

ताज्या मालाला वेष्टन म्हणजे पान. खाटीक मटण वडाच्या किंवा पळसाच्या पानात बांधून देत. पुढे पानाच्या जागी वर्तमानपत्राचा कागद आला, कागदाच्या जागी काळी पिशवी आली. छापील कागदाची शाई अन्नात उतरते, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई केली. (वर्तमानपत्राच्याच पानावर हे वाचताना आपल्याला हसू येईल, पण नियम खरा आहे.) त्याच वर्षी महाराष्ट्रात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. पान मात्र कुणी बंद केले नव्हते. ते आपोआप मागे पडले.

आता थोडे परदेशात जाऊ. कारण या कथेतला एक विरोधाभास तिथे आहे. आज वनस्पतिजन्य वेष्टन हा नवा शोध म्हणून सांगितला जातो. पण आरपार दिसणारे, पातळ, लवचिक असे जगातले पहिले यशस्वी वेष्टन वनस्पतीपासूनच बनले होते. ते म्हणजे सेलोफेन. १८९२ साली क्रॉस, बेव्हन आणि बीडल या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी लाकडाच्या लगद्यातले सेल्युलोज विरघळवून त्याचा मधासारखा घट्ट द्रव केला. तो व्हिस्कोज. त्याचे धागे काढले तर रेयॉन होते. फ्रान्समध्ये कापड गिरणीत काम करणारे जाक ब्रांडेनबर्गर हे स्विस रसायनतज्ज्ञ कापडावर हा द्रव चढवून डाग न पडणारे कापड करू पाहत होते. त्यांच्याविषयी अशी गोष्ट सांगतात, की एका उपाहारगृहात टेबलावरच्या कापडावर मद्य सांडलेले पाहून त्यांना ही कल्पना सुचली. कापड काही जमले नाही. पण त्यावर चढवलेला थर सोलून निघाला, आणि १९०८ साली त्यातून पारदर्शक पापुद्रा तयार झाला. हे घडले कापडाच्या धंद्यात, हे लक्षात ठेवा. पुढे मला त्याचा उपयोग आहे.

सेलोफेनमध्ये एक मोठे वैगुण्य होते. पाणी त्यातून गळत नसे, पण वाफ आरपार जाई. मिठाई त्यात चांगली दिसे आणि दोन दिवसांत दगड होई. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीने हक्क घेऊन १९२४ साली कारखाना काढला आणि १९२७ साली विल्यम हेल चार्च यांनी त्यावर अतिशय पातळ लेप चढवून वाफ अडवली. तिथून सेलोफेनचे दिवस फिरले. मटणाची विक्रीही बदलली. खाटकाशी बोलून, हाताने दाखवून तुकडा घ्यायचा, ही रीत जाऊन बांधलेली पाकिटे फळीवरून उचलायची रीत आली.

इथे पहिल्यांदा वेष्टनाने गिऱ्हाइकाला मालाविषयी काहीतरी सांगितले, आणि ते पूर्ण खरे नव्हते. ताजे मांस लाल दिसते ते त्यातल्या रंगद्रव्याला हवेतला ऑक्सिजन मिळतो म्हणून. हवा पूर्ण तोडली तर चांगले मांसही जांभळट, काळपट दिसते. म्हणून मांसासाठी मुद्दाम असे सेलोफेन बनवले गेले, की ज्यातून ऑक्सिजन आत जाईल. मांस लाल राहिले, गिऱ्हाईक खूश झाले. पण लाल म्हणजे ताजे असे नाही. रंग हवेने टिकतो, तर सडणे जंतूंमुळे होते, आणि दोन्हींचा वेग सारखा नसतो. डोळ्यांना दिसते ते आणि आत घडते ते यांत फट राहिली. आजचे बोलके वेष्टन ती फट बुजवायला निघाले आहे.

मध्यंतरी प्लॅस्टिकने सगळे झाकून टाकले. १९३३ साली इंग्लंडमध्ये आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉलिथिन हाती लागले, युद्धानंतर खनिज तेल स्वस्त झाले आणि सेलोफेन महाग ठरू लागले. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. त्यात फार रेंगाळत नाही.

आता सोलापुरात परत येऊ. इथली पहिली कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. हातमाग त्याच्या कितीतरी आधीपासून होते. कापड विणणाऱ्या कोणालाही विचारा, माग चालू करण्याआधी ताण्याला खळ द्यावी लागते. नाहीतर मागाच्या घर्षणाने धागे पिंजून तुटतात. खळ म्हणजे पिठाची पातळ पेज. ती धाग्यावर वाळली, की धाग्याभोवती एक पापुद्रा तयार होतो. या पापुद्र्यालाच आज प्रयोगशाळेत ‘स्टार्च फिल्म’ म्हणतात. धाग्याऐवजी काचेवर ओतून वाळवली, तर सोलून हातात घेता येते, एवढाच फरक.

मौज पुढेच आहे. नुसत्या पिठाची खळ कडक होते आणि तडकते, म्हणून खळ करणारे त्यात थोडे तेल किंवा चरबी घालत. ओलसर हवेत पिठाला बुरशी येते, म्हणून गिरण्यांतल्या खळीत झिंक क्लोराइडसारखे बुरशीनाशक घालत. म्हणजे पापुद्रा धरणारा पदार्थ, त्याला मऊपणा देणारा पदार्थ आणि जंतूंना अडवणारा पदार्थ अशी तिहेरी पाककृती झाली. आजच्या कोणत्याही शोधनिबंधात वेष्टनाच्या पापुद्र्याची कृती पाहा. तिथे स्टार्च असतो, मऊपणासाठी ग्लिसरीन असते आणि जंतूंना अडवण्यासाठी एखाद्या वनस्पतीचा अर्क असतो. सायझिंगमधल्या जुन्या कारागिराला ती वाचून दाखवली, तर तो विचारील, की यात नवे ते काय?

खळीने लबाडीही केली आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूस त्यांनी वापरला आणि तो तुटू नये म्हणून खळ वाढवली. मग वजन वाढते हे लक्षात आल्यावर खळीत चिनी माती कालवायला सुरुवात झाली. घट्ट, जड वाटणारे कापड एका धुण्यात जाळीदार होई. असे कापड आशियातल्या बाजारांत आले, आपल्याकडेही आले. वेष्टन किंवा लेप हा गिऱ्हाइकाशी खोटेही बोलू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आपल्या भागात पिठाखेरीज आणखी एक खळ चालते, ती चिंचोक्याची. सांगोला-मंगळवेढा भागात घोंगडी विणणारे लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावत आले आहेत. तिकडे सावंतवाडीत गंजिफाचे पत्ते करतानाही कापडाला चिंचोक्याच्या खळीचा लेप देतात. चिंचोके भाजायचे, वरचे तपकिरी टरफल काढायचे, आतला पांढरा गर दळायचा आणि पाण्यात शिजवायचा. गेल्या शतकात चाळीसच्या दशकात, महायुद्धामुळे सगळ्याच मालाची टंचाई असताना, डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेने या पुडीचा गिरण्यांच्या खळीसाठी अभ्यास केला आणि पुढे कापड व ताग गिरण्यांत ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आमच्या जिल्ह्यात चिंचेची मोठी पेठ बार्शीची. हंगामात तिथल्या बाजार समितीत चिंचेचे ढीग लागतात. चिंच फोडली की चिंचोका बाजूला पडतो, आणि तो स्वस्त असतो.

या चिंचोक्याच्या पुडीचा पापुद्रा मी घरी करून पाहिला आहे. काचेच्या ताटलीत पातळ खळ ओतली, दोन थेंब ग्लिसरीन टाकले, पंख्याखाली रात्रभर ठेवले. सकाळी दुधाच्या सायीसारखा, पण आरपार दिसणारा पापुद्रा निघाला. चांगला चिवट होता. मग त्यावर ओल्या माशाचा तुकडा ठेवला. अर्ध्या तासात पापुद्रा फुगला, बुळबुळीत झाला आणि माशालाच चिकटून बसला.

वनस्पतिजन्य वेष्टनाचे खरे दुखणे हेच. स्टार्च काय, चिंचोका काय, हे पदार्थ मुळात पाण्यावर प्रेम करणारे. मासळी आणि मटण हा माल मुळात पाण्याने भरलेला. सेलोफेनचे घोडे १९२७ पर्यंत जिथे अडले होते, तिथेच हेही अडते. त्यावर उपाय चालू आहेत. कोणी मेणाचा लेप देतो, तर कोणी पापुद्र्यात सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू मिसळून त्याला बळकटी देतो. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. तिथे कापसाच्या आखूड तंतूंपासून असे नॅनोसेल्युलोज करण्याचा प्रायोगिक कारखाना उभा राहिला आहे. धाग्याला निरुपयोगी म्हणून गिरणीत झाडून काढला जाणारा कापूस वेष्टनात परत येतो, ही गोष्ट सोलापूरकराला विशेष रुचावी.

आता हळदीकडे. सोलापूरहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर करमाळा तालुक्यात केम नावाचे स्टेशन लागते. केमचे कुंकू प्रसिद्ध आहे. पंढरपूर-तुळजापूरच्या बाजारात जे कुंकू विकले जाते, त्यातले पुष्कळ या गावचे. जुनी रीत अशी, की हळकुंडांना टाकणखार आणि लिंबाचा रस यांची पुटे द्यायची, वाळवायची आणि दळायची. पिवळ्याचे लाल होते. (आज बाजारातल्या पुष्कळ कुंकवात हळद नावालाच असते, ही गोष्ट वेगळी.)

इथे रसायनशास्त्राच्या मास्तराला थोडे थांबू द्या. हळदीला लाल करणारे मार्ग दोन आहेत. साबण, चुना, पापडखार असा कोणताही क्षार लागला, की हळदीतले रंगद्रव्य, ज्याला करक्युमिन म्हणतात, ते लाल-तपकिरी होते. पण ही लाली उधारीची. आंबट लागले की पुन्हा पिवळी. टाकणखारातल्या बोरॉनशी मात्र करक्युमिनची पक्की गाठ बसते आणि तीही आम्ल असताना. म्हणून कुंकवाला लिंबू चालते, डागाला चालत नाही. कुंकू करणाऱ्यांना टिकणारी लाली हवी होती, ती त्यांनी अनुभवाने शोधून काढली. वेष्टनाला हवी आहे ती दुसरी, उधारीची लाली. परिस्थिती बदलली की बदलणारी.

करक्युमिन हळदीतून पहिल्यांदा वेगळे काढले ते १८१५ साली, फोगेल आणि पेल्तिए या दोघांनी. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या प्रयोगशाळांत हळदीत बुडवून वाळवलेला कागद क्षार ओळखायला सर्रास वापरत. त्याहून आधी, १६६४ साली, रॉबर्ट बॉइल यांनी व्हायोलेट फुलांच्या पाकाचा रंग आम्लाने आणि क्षाराने कसा पालटतो, हे लिहून ठेवले होते. जांभूळ, लाल कोबी, गोकर्ण यांच्यातले रंग त्याच कुळातले, आणि तेही आज वेष्टनात वापरून पाहिले जात आहेत.

मासळी नासते तेव्हा क्षार कुठून येतो? समुद्रातल्या माशाच्या अंगात एक बिनवासाचा पदार्थ असतो, ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड. मासा मेला की जंतू त्याचे ट्रायमेथिलअमाइन करतात. शिळ्या मासळीचा जो ओळखीचा वास, तो मुख्यतः याचा. पुढे प्रथिने कुजून अमोनिया सुटतो. हे सगळे वायू क्षारधर्मी आहेत. प्रयोगशाळेत त्यांचे एकत्रित मोजमाप करतात आणि समुद्री मासळीच्या शंभर ग्रॅममागे ते ३० ते ३५ मिलिग्रॅम नायट्रोजनच्या वर गेले, की माल खाण्यायोग्य नाही असे साधारण मानतात. पाकिटातले हे वायू हळदीच्या पापुद्र्याला भेटले, की सदऱ्यावर साबण लागल्यासारखेच होते. २०१२ साली इंडोनेशियातल्या जेंबर विद्यापीठातील बंबांग कुस्वांडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळंबीच्या पाकिटावर करक्युमिनची चिकटपट्टी लावून हे दाखवून दिले. पट्टी पिवळ्याची नारिंगी आणि मग लालसर झाली. त्यानंतर या विषयावर निबंधांचा पाऊस पडला आहे.

पण आमच्याकडे येणारी मासळी बहुतेक समुद्राची नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि ज्या जिल्ह्याला मासळी म्हणजे सुकट माहीत होती, त्याच्या दारात गोड्या पाण्याचा समुद्र आला. कटला, रोहू, मरळ, वाम आणि ढिगाने चिलापी. गोड्या पाण्यातल्या माशांत तो ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड सर्वसाधारणपणे फारच कमी असतो. तेव्हा समुद्री कोळंबीवर बेतलेली पट्टी उजनीच्या चिलापीला तशीच लावली, तर ती उशिरा बोलणार. अमोनिया पुरेसा साठेपर्यंत ती गप्प राहणार.

माझा घरगुती प्रयोग हेच सांगतो. टिपकागद हळदीच्या अर्कात बुडवून वाळवला, ओलसर करून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला, खाली चिलापीचा तुकडा ठेवला. उन्हाळ्याचे दिवस होते. कागद कडेने लालसर झाला खरा, पण त्याआधीच घरातल्या मंडळींनी डबा गच्चीवर नेण्याचे फर्मान काढले होते. म्हणजे नाक कागदाच्या पुढे होते. कोरडा कागद तर याहूनही मागे राहिला. प्रयोगशाळेतल्या पट्ट्या माझ्या टिपकागदाहून कितीतरी तरबेज असतात, यात शंका नाही. तरीही शोधनिबंधातली सुबक रंगीत चित्रे पाहताना हे भान ठेवावे, की चित्रातला मासा कोणत्या पाण्यातला आहे. दुसरी अडचण उन्हाची. करक्युमिन उजेडात विटते. पिवळा रंग फिका पडला, तर त्याचा अर्थ काय लावायचा?

तिसरा धागा डाळिंबाचा. २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात आले आणि २०१६ साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर. कातडे कमावायला आणि कापड रंगवायला ती पूर्वापार वापरत, आजीबाईच्या बटव्यातही ती होती. दाणे आणि रस काढणाऱ्या उद्योगात साल उकिरड्यावर जाते. तिचा अर्क पापुद्र्यात मिसळला, तर जंतूंची वाढ मंदावते आणि चरबी खवट होण्याचा वेगही कमी होतो, असे अनेक ठिकाणच्या प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे जुन्या खळीतल्या झिंक क्लोराइडची जागा डाळिंबाची साल घेऊ शकते, आणि ती खाल्ली गेली तरी अपाय नाही. फक्त एक गोष्ट निबंधवाले पुरेशी सांगत नाहीत. सालीचा अर्क स्वतःच पिवळट-तपकिरी असतो. तो पापुद्र्यात घातला, की हळदीचे पिवळे आणि लाल यांतला फरक डोळ्याला धूसर होतो. टिकवणारा पापुद्रा आणि बोलणारी पट्टी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, असे माझे मत आहे.

आता लबाडीविषयी. जुलै २०१८ मध्ये गोव्यात मासळीत फॉर्मलिन असल्याचा गाजावाजा झाला आणि सरकारने बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घातली. फॉर्मलिन म्हणजे शवागारात वापरतात ते द्रव्य. ते लावले, की जंतू मरतात, सडणे थांबते. मग अमोनिया सुटत नाही आणि आपली हळदीची पट्टी छान पिवळी राहते. विष असलेला मासा आणि ताजा मासा, दोघांनाही ती एकच दाखला देणार. कोचीला १९५७ पासून असलेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने याच सुमारास फॉर्मलिन आणि अमोनिया तपासण्याच्या दोन निरनिराळ्या कागदी पट्ट्या तयार केल्या. दोन वेगळ्या पट्ट्या लागल्या, यातच सगळे आले. वेष्टन बोलके झाले म्हणून त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. ते नासलेपण सांगेल, भेसळ सांगणार नाही.

मग हे वेष्टन हवे तरी कोणाला? ज्या बाईकडून आपण पाटीतली मासळी घेतो, तिच्या गिऱ्हाइकाला पट्टीची गरज नाही. कल्ला उचलून लाली पाहणे, डोळा चकाकतो का पाहणे, बोटाने दाबून खळगा भरतो का पाहणे, हे त्याला येते. झगमगत्या दुकानातल्या गोठवलेल्या पाकिटावर पट्टी येईलही. पण तिथला मालक फळीवरची दहा पाकिटे लाल झालेली आनंदाने दाखवील, असे मला वाटत नाही. अमेरिकेत विसावे शतक संपता संपता माशांसाठी अशी रंग बदलणारी पट्टी विक्रीला आली होती. ती टिकली नाही.

मला तिची खरी जागा दिसते ती थर्माकोलच्या खोक्यात. उजनीच्या काठावर पहाटे काढलेली मासळी बर्फ घालून खोक्यांत भरतात आणि ती दूरच्या शहरांकडे जाते. वाटेत गाडी किती तास उभी राहिली, बर्फ किती उरला, हे पकडणाऱ्याला कळत नाही. दुसऱ्या टोकाला खोके उघडले जाते, तेव्हा तो तिथे नसतो. माल नरम निघाला, असा निरोप आला की भाव पडतो आणि त्यावर त्याला बोलायला जागा नसते. निरोप खरा असेल किंवा नसेलही. अशा खोक्याच्या झाकणाला आतून, बर्फाचे पाणी लागणार नाही अशा बेताने, चार बोटांची एक पट्टी लावली, तर तिचा खर्च वीस-पंचवीस किलो मालात वाटला जातो. झाकण बंद असल्याने ऊन लागत नाही आणि रंग विटत नाही. खोक्यातली हवा कोंडलेली असल्याने वायू पट्टीपर्यंत पोचतात. पापुद्रा माशाला टेकत नसल्याने तो फुगून बुळबुळीत होण्याचीही भीती कमी. प्रयोगशाळेतल्या तीनही अडचणी इथे निम्म्याने हलक्या होतात. आणि खोके उघडताना पट्टीचा फोटो काढून पाठवणे आज कुणालाही जमते.

त्यासाठी चिलापी, कटला आणि मरळ यांची नासण्याची रीत आपल्या उन्हाळ्यात, आपल्या बर्फात वेगवेगळी मोजावी लागेल आणि पट्टीचा रंग त्या आकड्यांशी जुळवून घ्यावा लागेल. हे काम कंटाळवाणे आहे. पण ते जेंबरमध्ये बसून कोणी करून देणार नाही. उजनीच्या काठावर खोकी भरली जातात, तिथेच ते करावे लागेल. कुंकवाचे केम तिथून फार लांब नाही, आणि बार्शीचे चिंचोकेही.